फुली मारलेला पट्टा

पौडच्या बाजारात इब्राहिमची पिठाची गिरणी होती, आणि गिरणीमागच्या पत्र्याच्या शेडात त्याची लाल गाडी. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची इंग्रजी गाडी. धरणावरच्या बंगल्यातला साहेब गाव सोडताना ती त्याच्या गळ्यात घालून गेला होता. सपाटीला ती हरणासारखी पळे. चढ आला की म्हाताऱ्या शेळीसारखी मान टाकी.

गेल्या ईदला तिनं पिरंगुटच्या घाटात अशीच मान टाकली. इब्राहिमची बायको मैमुना भुकूमला माहेरी निघालेली, मांडीवर शिरखुर्म्याचं पातेलं. मोठ्या वळणावर गाडी थांबली ती थांबलीच. मागून नथू आला, शर्यतीची बैलजोडी घेऊन. त्यानं दोर लावला, गाडी खिंडीपर्यंत ओढली. आणि तिथं सोडायची सोडून थेट मैमुनाच्या भावाच्या दारापर्यंत घुंगरांच्या तालात वाजत नेली. दारात भावजय उभी, हसिना.

"नणंदबाई, ही गाडी पेट्रोल पिती का वैरण खाती?"

सगळी आळी हसली. मैमुनानं पातेलं खाली ठेवलं. "पुन्यांदा ह्या उंबऱ्यात येईन ती ह्याच गाडीतनं. तीबी आपल्या पायानं चढली तर. न्हाईतर न्हाई."

बोलायला एक क्षण लागला. निभवायला वर्ष गेलं. मग एका बाजारच्या दिवशी तिचा भाऊ चाँदभाई ज्वारीचं पोतं घेऊन गिरणीत आला. पोतं उतरवूनही घुटमळत राहिला.

"अम्माच्या डोळ्यावर पडदा उतरतोय. माणूस दिसतंय ते धुक्यातल्यावानी. म्हंती, थोडाफार उजेड हाय तवर मैमुनाचं तोंड बघू द्या."

तो गेला. गिरणीचा पट्टा फटफटत राहिला.

"यष्टीनं जा," इब्राहिम म्हणाला. "कोन बघतंय?"

"मी बघती न्हवं?" मैमुना म्हणाली. चाळणीवर हात आपटत राहिली. मग थांबली. "ह्या शुक्रवारी गाडी चढवा. न्हाई चढली तर मी यष्टीनं जाईन, भाभीचं काय ते ऐकून घेईन. अम्मापरीस माझा शब्द मोठा न्हाई. पन मग त्याच दिवशी ही गाडी भंगारात."

इब्राहिम उठला. शेडात गेला आणि कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली एक वस्तू होती. ॲल्युमिनियमचं जाड पिंप, आत दोन लोखंडी पाती एकमेकांच्या कुशीत फिरणारी. विकणारा त्याला सुपरचार्जर म्हणाला होता.

"हे काय?"

"लोहाराचा भाता समज. भाता फुकला की निखारा फुलतो, तसं हे इंजिनात वारं कोंबतंय. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल-वारं आधी ह्यात यायचं, आन ह्यानं ते दाबून इंजिनात सारायचं. हिचा दम कमी पडतोय, मैमुना. पाय चांगले हायेत."

"मग वर्सभर झाकून का ठेवलं?"

"भ्या वाटलं. पुली न्हाई, पट्टा न्हाई, बसवायचं कशावर ते न्हाई. आन गाडीच मोडली तर?"

"मोडली तर भंगारातच जायची हाय. काढा भाईर."

गेणबा लोहारानं भाता धरायला पट्ट्या ठोकून दिल्या, बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव कापून. इब्राहिमनं तोंड वाकडं केलं. "गेणबा, बैलाचं लोखंड नको रं हिला."

"धाव गाडीची असती, बैलाची न्हवं. गप घे."

पुल्या लेथवर घडल्या, गिरणीच्या पुल्यांसारख्याच सपाट. भाता बसला, पण इंजिनावरचं टोपण मिटेना. इब्राहिम त्या लाल पत्र्यावर हात फिरवत उभा राहिला. शेवटी मैमुनानंच छिन्नी ठेवली आणि म्हणाली, "तुमी डोळं मिटा." पत्रा कापला गेला. भात्याची पाठ त्यातून वर आली, बिळातून डोकावणाऱ्या घोरपडीसारखी.

पट्टा मात्र मैमुनाचं काम. गिरणीतला पट्टा तुटला की तीच चामड्याच्या वादीनं शिवायची. तिच्या शिवणीचा पट्टा वर्षभर उसवत नसे. तिनं जुन्या पट्ट्याची अरुंद पट्टी कापली, शिवली, आणि दोन पुल्यांवर चढवताना सवयीनं मध्ये एक पीळ दिला. पट्टा मधोमध स्वतःलाच ओलांडून गेला, फुलीसारखा.

"फुली कशापाई?" इब्राहिमनं विचारलं.

"आपल्या गिरनीत हाय न्हवं? फुलीबिगर पट्टा धरत न्हाई. तुमी दाना टाका, पट्ट्याचं मला सांगू नका."

इब्राहिमनं हँडल मारलं. गाडी खोकली. पुन्हा मारलं. कार्ब्युरेटरनं पेट्रोलची गुळणी बाहेर टाकली आणि सगळं गप झालं. गुरुवारची उन्हं शेडातून निघून चालली होती. तो घामानं भिजला, फडक्याला हात पुसत खाली बसला.

"ऱ्हाऊ दे. उद्या यष्टीनं जा."

मैमुना गिरणीत गेली. मुठीत पीठ घेऊन आली.

"प्लग काढा, म्हंजी हँडल हलकं फिरंल. मी फिरवती. तुमी पीठ धरा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. भाता वारं वडतोय का बघू."

तिनं पदर खोचला, हँडल फिरवलं. इब्राहिम तळहात धरून वाकला. पीठ आत जायच्या ऐवजी भसकन उलटून आलं. त्याची दाढी, भुवया, टोपी, सगळं पांढरं. मैमुना हसायला लागली. हसता हसताच थांबली.

गिरणीत इंजिन एका बाजूला फिरे आणि जातं दुसऱ्या. फुली त्यासाठी होती. पट्टा ओलांडला की फिरणं उलटतं. इतकी वर्षं ती पट्टा शिवत होती, आणि ते तिच्या हाताला ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं.

"भाता उलटा फिरतोय," ती म्हणाली. "इंजिनाचंच वारं भाईर काढतोय. फुली माझी हाय."

"तरी मी म्हनत हुतो..."

"म्हनत न्हव्हता. इचारत हुता. पाना द्या."

पीळ काढला तर पट्टा सैल पडून घसरू लागला. तिनं दोन बोटं कापून पुन्हा शिवला, वर राळ चोळली. सुई ओढता ओढता गुणगुणू लागली,

घाटाच्या गं माथ्यावरी, वारा वाजवितो पावा
माझ्या माहेराच्या वाटं, दम गाडीला गं द्यावा

यावेळी हँडल इब्राहिमनं मारलं. मैमुनानं पदराचं टोक कार्ब्युरेटरजवळ नेलं. ते हलकेच आत ओढलं गेलं.

"आरं मेल्या, बाईमानसाचा पदर वढतोस व्हय!" ती ओरडली, आणि प्लग लावायच्या आधीच नवऱ्याच्या पाठीत आनंदानं एक धपाटा घातला.

शुक्रवारी सकाळचं दळण उरकलं, नमाज झाली, आणि गाडी निघाली. भात्याचा आवाज वेगळाच होता, घुंऽऽ घुंऽऽ, फिरत्या जात्यासारखा, चढ वाढेल तसा वर चढणारा. पिरंगुट मागं पडलं. मोठ्या वळणावर खबर लागलेला नथू बैलजोडी घेऊन बसलेलाच होता, दोर गळ्यात.

"वैनी, दोर आनलाय!"

"जपून ठेवा! उतारावर बिरेक लागला न्हाई तर मागनं धरा!"

इब्राहिमला मात्र हसू आलं नाही. गेल्या वर्षीचं वळण त्याच्या पायात शिरलं. त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. घुं बारीक झाली, गाडी मंदावली.

"पाय उचलू नका!"

"मोडंल गं..."

"मोडू दे!" मैमुनानं आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि जात्याचा खुंटा दाबावा तसा सगळं अंग टाकून दाबला. भाता किंचाळला. गाडीनं नाक उचललं, वळण मागं गेलं, बैलांनी माना वळवून बघितलं, आणि खिंडीतला वारा दोघांच्या तोंडावर आला.

भुकूमच्या आळीत शिरताना इब्राहिमनं हॉर्न वाजवला नाही. गरजही नव्हती. ओसरीवर बसलेली अम्मा, जोहराबी, मान तिरकी करून ऐकत होती.

"हसिना, दारात जातं कोन फिरवतंय गं?"

हसिना बाहेर आली. टोपणातून वर आलेली घोरपड बघितली, गाडीच्या पुढं बघितलं, मागं बघितलं. "बैल कुटं हायेत?" तिच्या तोंडून निघालंच.

"वळनावर बसल्यात, रवंथ करत," मैमुना म्हणाली, आणि उंबऱ्यात उभी राहिली.

जोहराबीनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून डोळ्यांशी नेलं. बराच वेळ बघत राहिली. मग केसांशी हात नेला. "वर्साभरात एवढी पांढरी झालीस?"

"पीठ हाय अम्मा. दळन उरकून आली तशीच."

म्हातारीनं बोटानं केस चोळले, बोट चाखलं. "ज्वारी," ती म्हणाली, आणि काठी शोधू लागली. "चल. त्या जात्यात बसीव मला. घाटाच्या माथ्यापातूर जाऊन येऊ, दिसतंय तवर."

इब्राहिमनं दार उघडून धरलं. मैमुनानं एक हात धरला, हसिनानं सासूचा दुसरा.