सहा नंबरपासून

सहा

रुचिकाचा नंबर सहा. गेल्या मॅचमध्ये शेवटी बाद झाली ती पाच नंबरची, म्हणून आज पहिली बॅट रुचिकाची. विणकर बेसबॉल क्लबात हे कोणी विचारत नसे. ही गोष्टही तिथूनच सुरू होते. आधीची पाच पानं हरवलेली नाहीत.

पण केयूरने विचारलं. केयूर म्हणजे रविवार लीगचा सचिव, महाल भागात राहणारा, रविवारीही इस्त्रीचा शर्ट.

"अंजूताई, दामिनीला आठवी ठेवलीत? तुमची एकटी धड मारणारी पोरगी!"

"तिचा नंबर चार. सहापासून मोजा, आठवीच येते," क्लबची मॅनेजर अंजू म्हणाली.

"आज हरलात तर तिसरा हंगाम बिनविजयाचा. मग क्लब लीगच्या अकादमीत विलीन. नाव, नोंदणी, मुली, सगळं."

"नियम मले माहीत आहे, केयूरभाऊ. वाचता येते."

"मग एक मॅच तरी शहाण्यासारखी खेळा."

"शहाण्यासारखं वागलो असतो त चाळीस वर्षं टिकलो असतो का जी?"

केयूर हसला नाही. अंजूही नाही.

सात

अंजूचे वडील नत्थूजी मागावर बसायचे. बेसबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. शाळेतल्या पीटीच्या बाईंनी विणकरांच्या तांडापेठेतल्या पोरी जमवून संघ केला, दोन महिन्यांत बाईंची बदली झाली, बॅट आणि बॉल मागे राहिले. पोरींना ग्राउंडवर न्यायला कोणी मोठं माणूस हवं होतं. नत्थूजी मॅनेजर झाले.

दुसऱ्या मॅचला त्यांनी बॅटिंगची यादी दिली ती सात नंबरपासून. अंपायर म्हणाला, काका, दर मॅच एकपासून सुरू होते. नत्थूजींना ते पटेना. मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवताना जुन्याची टोकं कोणी कापून टाकत नाही. त्या टोकांना नव्याचा एकेक धागा सांधतात, हजारो गाठी मारतात, आणि काम पुढे सरकतं.

"मागची मॅच सहावर थांबली ना? मग पुन्हा एकपासून काहून मांडाचं?"

अंपायरने नियमांचं पुस्तक चाळलं. कोणी कुठल्या क्रमाने बॅट धरायची, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. विणकराची चूक नियमात बसली आणि तशीच राहिली.

आठ

मग माग बंद पडले. आधी शेजारचे, नंतर नत्थूजींचा. नंतर नत्थूजीही गेले. यादी थांबली नाही. अंजू पंधरा वर्षं कॅचर होती. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी ती महालातल्या दुकानात दुसऱ्यांनी विणलेल्या साड्या उलगडून दाखवते आणि रविवारी क्लब चालवते. चाळीस वर्षांत दोन कप. पहिला गंजला, दुसरा प्लॅस्टिकचा आहे.

नऊ

समोर रामटेकचा संघ. त्यांच्या बाकावरून पहिल्याच बॉलला आवाज आला, "अवं, बॅट धरली का झाडू?"

रुचिका तीन स्ट्राइकमध्ये बाद. परत येताना ती अंजूकडे बघेना.

"मावशी, दामिनीले पाठवाचं होतं."

"तुले पाठवलं. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेव."

एक

एक नंबरचीही बादच झाली.

दोन

तरी मॅच सुटली नाही. दामिनीने पहिल्या दोन खेपांना बॉल कुंपणापर्यंत पाठवला आणि त्यावर चार जणी धाव काढून घरी आल्या. आठव्या जागेवरून. रामटेकचा कोच रूपराव तोंडात बोटं घालून बघत राहिला, मग आपल्या पोरींवर ओरडला, "झोपून राहिल्या का गं तुम्ही?" पोरी जाग्या झाल्या.

सातवा, शेवटचा डाव. रामटेक सहा, विणकर पाच. दोन बाद. तिसऱ्या बेसवर एक नंबरची, आणि बॅट तीन नंबरच्या प्रीतीची. तिच्यामागे हेल्मेट घालून दामिनी उभी. आज तिला तीनदाच बॅट मिळाली होती. यादी एकपासून असती तर चौथी खेप केव्हाच होऊन गेली असती. अंजूला हे समजत होतं.

तीन

प्रीतीने बॉल उंच मारला. रामटेकच्या पोरीने तो अलगद झेलला.

दामिनीने हेल्मेट काढून मातीत आपटलं.

केयूर विलीनीकरणाचं पत्र घेऊन आलाच होता. "सही करा, ताई. यात कमीपणा नाही. अकादमीत मुलींना चांगले बूट मिळतील."

अंजूने पेन घेतलं. क्लब तिनेच बुडवला होता, वडिलांच्या हट्टापायी. टोपण काढलं.

"मावशी, पुढची मॅच कधी आहे?" दामिनी.

"पुढची मॅच नाही आता," केयूर म्हणाला. "अकादमीत ये. तिथे दर मॅचला तुला वर खेळवतील."

"तिथं कोणालेही वर खेळवतील. इथं तीनवर थांबलं आहे. आता माहा नंबर आहे. मी काहून सोडू?"

पोरीचा आवाज चढला होता. अंजूने टोपण परत लावलं.

"सही नाही करत, भाऊ."

"मग लीगमधून बाहेर. तुमच्याशी खेळणार कोण?"

बॅटा पोत्यात भरणारा रूपराव तिथूनच बोलला, "आम्ही खेळू ना जी."

"रूपरावजी, बाहेरच्या क्लबाशी खेळलात तर तुमचंही नाव कापावं लागेल."

"कापा. मग बाहेर दोन क्लब होतील." त्याने पोत्याला गाठ मारली. "अन् हरवायले असा क्लब आमाले दुसरा कुठं भेटते?"

"हरवून दाखव पुन्हा!" अंजू म्हणाली. "पुढच्या रविवारी, तुमच्याच गावात. पहिल्याच बॉलले तुमचं कुंपण मोडते."

"या. कुंपण काट्याचं आहे, बॉल तुमीच काढजा."

केयूर पत्र हातात धरून उभाच होता. अंजूने ते घेतलं, मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकडे त्याच्या इस्त्रीच्या खिशात ठेवले.

"पोरी हो, रविवारी सकाळी सातच्या बसले. उशीर झाला त तुमाले टाकून जाईन मी."