गाडीच्या दिवशीचा पाढा

नृसिंह सरांनी बंद दाराला पाठ टेकली, छाती भरून श्वास घेतला आणि तेराचा पाढा अशा आवाजात उचलला की पत्र्यावरच्या पारव्यांनी शाळा सोडली.

"तेरा एके तेरा!"

पहिलीपासून पाचवीपर्यंतची सगळी पोरं एकाच खोलीत होती. ती सरांच्या मागून ओरडली. पहिलीतल्या रेणुकाला दहाच्या पुढचे अंक येत नव्हते. पण ओरडायला अंक यावे लागत नाहीत. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. तिची थोरली बहीण पंकजा पाचवीच्या रांगेत ताठ बसली होती. तिचे नुसते ओठ हलत होते की आवाजही येत होता, हे सरांनी पाहायचं टाळलं.

जामखेडच्या पलीकडे डोंगराच्या पोटाशी ही वस्ती. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला की परत यायची. पूर्वी पोरंही जायची, आणि मग शाळेत तेव्हाचे सर आणि फळा असे दोघेच उरायचे. सर बदलून इथे आले त्या वर्षी त्यांनी एकेक उंबरा झिजवला. पोरं आजीपाशी ठेवा, मी आहे, असं सांगितलं. लोकांना ते पटलं. अडायचं ते गाडीपाशी. ट्रक भरला की पोर रडायचं, पोर रडलं की आई रडायची, आणि कुणीतरी हात खाली करून पोराला वर उचलून घ्यायचं. त्या पोराबरोबर त्याची इयत्ताही ट्रकमध्ये बसायची.

तेव्हा पालकांनी आणि सरांनी मिळून एक रीत पाडली. गाडी शाळेच्या वेळातच भरायची. नारळ शाळेपासून लांब, मारुतीपाशी फोडायचा. शाळेमागच्या उतारावर हॉर्न वाजवायचा नाही. बायकांनी रडायचं ते नाका ओलांडल्यावर. चोरीचा माल नेणारेसुद्धा एवढी काळजी घेत नाहीत. शाळेकडचं काम सोपं होतं: गाडी डोंगराआड जाईपर्यंत पाढे म्हणायचे, आणि असे म्हणायचे की दुसरं काही ऐकू येणार नाही.

एकदा नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख आले होते. पोरांचा खणखणीत आवाज ऐकून ते भारावले, आणि पालक व शिक्षक यांचं इथलं सहकार्य अनुकरणीय असल्याचा शेरा मारून गेले. पुढे दोन-तीन शाळांचे शिक्षक हे सहकार्य पाहायला आले. सरांनी त्यांना वाचनपेटी दाखवली.

गेल्या वर्षी पंकजा शाळेतून घरी गेली तेव्हा चूल विझलेली होती आणि आजी छबूबाई दोघींची ताटं वाढून बसली होती. पंकजाने काही विचारलं नाही. तिने आधी रेणुकाला भरवलं आणि मग स्वतः जेवली. छबूबाईंनी दुसऱ्या दिवशी हे सरांना कौतुकाने सांगितलं होतं, पोरगी लई गुणाची म्हणून. सरांना त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

यंदा दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी पंकजा शाळा सुटल्यावर मागे थांबली.

"सर, औंदा गाडी आली की मला सांगाल का?"

सरांनी कोणती गाडी, म्हणून विचारलं. ती सरांना लाज वाटेपर्यंत नुसती उभी राहिली.

"मी रडनार न्हाई," ती मग म्हणाली. "संगं बी जानार न्हाई. निस्तं गाडीपाशी हुबी ऱ्हाईन. आई वर चढली की माघारी येईन."

"सांगतो."

"नक्की?"

"शिक्षक आहे मी, पंकजा."

एवढं कारण तिला पुरलं. तेव्हापासून रोज सकाळी प्रार्थनेला उभी राहताना ती एकदा सरांकडे पाहायची. सर किंचित मान हलवायचे. आज नाही. मग ती हात जोडून डोळे मिटायची.

काल संध्याकाळी तिचा बाप गोरक्षनाथ शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. मुकादम अजिनाथची गाडी उद्या येणार, अकराच्या सुमाराला निघणार, एवढं सांगून तो तंबाखू मळत राहिला. सरांनी त्याला पंकजाचं सांगितलं. पोरगी समजूतदार आहे, पाच मिनिटं येऊ दे, मी स्वतः तिच्याबरोबर उभा राहतो, असंही म्हणाले. गोरक्षनाथची तंबाखू केव्हाच मळून झाली होती, तरी त्याचा अंगठा थांबेना.

त्याने मग तुमच्या येण्याआधीची म्हणून एक गोष्ट सांगितली. पंकजा दुसरीत होती. अशीच गाडीपाशी गुमान उभी राहिली. तिची आई लंकाबाई वर जाऊन बसली होती, तोंड फिरवून. रडत कुणीच नव्हतं. तरी पोरगी गाडीत आली आणि सारा हंगाम उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत धाकटीला सांभाळत बसली.

"लोक म्हनत्यात आईची माया," गोरक्षनाथ म्हणाला. "लंकीनं न्हाई घेतली तिला वर. मी घेतली. पोरगी म्होरं हुबी असली की ह्यो हात माझं ऐकत न्हाई, सर."

"मी शब्द दिलाय तिला."

"ठावं हाय. म्हनून तर आलो." त्याने तंबाखू तोंडात न टाकता झाडून टाकली. "तुमीच आमाला इचारलं हुतं, दारात येऊन. पोरीला शिकवायचं हाय का न्हाई? आता मी तुमाला इचारतो."

सर हा प्रश्न आजवर घरोघर विचारत आले होते. त्याला उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. गोरक्षनाथने रामराम घातला आणि तो गेला.

आज सकाळी पंकजाने प्रार्थनेला उभी राहताना पाहिलं. सरांनी मान हलवली. रोजच्यापेक्षा जरा लवकरच हलवली. पंकजाने हात जोडून डोळे मिटले.

"तेरा दुणे सव्वीस!" सर आता दाराशी उभे राहून म्हणत होते. "तेरा त्रिक एकोणचाळीस!"

बाहेर उतारावर इंजिनाची घरघर सुरू झाली होती. सर आवाज चढवत गेले, तशी पोरंही चढवत गेली. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. फक्त यंदाचा ड्रायव्हर नवा होता, मिरजगावकडून आणलेला. अजिनाथने त्याला नाका दाखवला होता, मारुती दाखवला होता, नारळ कुठे फोडायचा तेही सांगितलं होतं. हॉर्नचं सांगायचं तेवढं राहिलं असावं. शाळेमागच्या वळणावर त्याने तो दाबला. लांबलचक, सुरावटीचा हॉर्न होता, लेझीमचा नाच सुरू व्हावा असा.

"तेरा चोक," सर म्हणाले आणि थांबले.

पुढचा आकडा त्यांना येत होता. वीस वर्षं येत होता. तो तोंडातून निघेना.

खोली शांत झाली. ट्रकची फळी खडखडली, एका बाईचा आवाज आला, कुणाला तरी नीट धर म्हणत होती. रेणुकाने तोंड उघडं टाकून मान खिडकीकडे वळवली.

पंकजा उठून उभी राहिली.

ती दाराकडे आली असती तर सर बाजूला झाले असते. निदान आपण बाजूला झालो असतो, असं ते पुढे स्वतःला सांगत राहिले. पण ती दाराकडे आली नाही. तिने सरांकडे पाहिलं. रोजच्यासारखं नाही, पाहुणे निघून गेल्यावर उरलेल्या पसाऱ्याकडे पाहावं तसं. मग ती रांगांमधून पुढे गेली, फळ्याला पाठ लावून वर्गाकडे तोंड केलं आणि हनुवटी उचलली.

"तेरा चोक बावन्न!"

वर्ग दचकला आणि मागून ओरडला. रेणुकाची मान झटक्यात वळली. ताई सर झाली, याचा तिला इतका आनंद झाला की ती गुडघ्यांवर उठून ओरडू लागली.

"तेरा पंचे पासष्ट! तेरा सक अठ्ठ्याहत्तर!"

तेराचा संपला तशी पंकजा श्वास न घेता चौदाच्या पाढ्यात शिरली. इंजिनाचा आवाज चढावर वाढला तिथे तिने आवाज वाढवला, वळणावर तो कमी झाला तिथे तिने कमी केला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नृसिंह सर दाराशी उभे राहून पोरांबरोबर मागून म्हणत होते. चौदा साते अठ्ठ्याण्णवला पंकजाचा आवाज चिरकला. तिने अठ्ठ्याण्णव पुन्हा म्हटलं, बरोबर करून.

पाढा संपला. बाहेर काहीच वाजत नव्हतं. पंकजा आपल्या जागेवर जाऊन बसली.

"ताई," रेणुकाने रांगेतूनच विचारलं, "मघाशी पोंगा कशाचा वाजला?"

"लग्नाची गाडी हुती."

"कुनाच्या लग्नाची?"

"लांबच्यांच्या. आपल्याला बोलावनं न्हाई."

रेणुकाला ते पटेना. बोलावणं नसलं तरी लग्नाची गाडी बघायला काय होतं, असं तिचं म्हणणं दिसत होतं. ती पुन्हा खिडकीकडे बघू लागली. पंकजाने दप्तरातून पुस्तक काढलं, पान उघडलं आणि वर न बघता म्हणाली,

"इचार सरांना. लग्नाचीच हुती का न्हाई?"

रेणुकाने सरांकडे पाहिलं. सगळ्या वर्गाने पाहिलं. फक्त पंकजाने पाहिलं नाही.

"हो," सर म्हणाले. "लग्नाचीच."

रेणुकाचं समाधान झालं आणि ती पाटीवर वाकली. सर कधी खोटं बोलत नाहीत, हे पहिलीच्या वर्गाला माहीत होतं.