घागरीला एक पुस्तक

आमच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीवर माझा ग्रंथसंग्रह वाढत होता आणि मी नुसती हवेत होते. जिल्हा नवा झाला, बाबा शिरूर अनंतपाळहून लातूरच्या नव्या कचेरीत शिपाई म्हणून आले, आणि मला वाटायला लागलं, आता सगळंच नवं! शाळा नवी, गल्ली नवी, मीसुद्धा नवी. त्यात वक्तृत्वात पहिली आले, मग तर काय! अभिजात हा शब्द मला इतका आवडायचा की मी तो वरणालाही लावायची.

दुष्काळ तेवढा जुनाच होता. टँकर आला की गल्लीभर घागरी धावायच्या. समोरच्या इंदूकाकू एकट्या, त्यात गुडघे धरलेले. त्यांचे यजमान माधवराव मास्तर होते. ते गेले आणि मागे काचेचं कपाट भरून पुस्तकं राहिली.

"विशाखा, एक घागर आणून देतेस का गं?" काकूंनी एकदा हाक मारली. मी आणली. माठात ओतताना कपाट दिसलं आणि तोंडातून निघून गेलं, "काकू, घागरीला एक पुस्तक! बोला, परवडतंय का?"

काकू हसल्या. "वकीलच होणार तू," म्हणाल्या आणि खरंच कपाट उघडलं.

मग ते रोजचंच झालं. घागर आत, पुस्तक बाहेर. जुनी नाटकं, अभंग, जाडजूड कादंबऱ्या. काकू कपाटासमोर कितीतरी वेळ उभ्या राहायच्या. एक काढायच्या, परत ठेवायच्या, दुसऱ्यावरून हात फिरवायच्या. मला वाटायचं, माझ्यासाठी चांगलंसं निवडतायत. घरी आले की मी निळ्या शाईनं पहिल्या पानावर ठसठशीत नाव घालायची. आधीचं काही लिहिलेलं असलं तर त्याच्यावर पट्टी ठेवून रेघ. संग्रह कुणाचा ते कळायला नको?

एके दिवशी टँकरपाशी गल्लीतल्या सरजाबाई सगळ्यांदेखत मायला म्हणाल्या, "भामाबाई, तुमच्या पोरीचं दुकान लई जोरात हाय की! घागरीला पुस्तक म्हणं!"

बाया हसल्या. मीही हसले, ऐटीत. माय हसली नाही.

घरी येऊन तिनं घागर खाली ठेवली. "पाण्याचं मोल घेतलंस?"

"मोल कुठं गं? पुस्तकंच तर हायेत. अन् काकूंनी हसत दिली."

"तहानेलं माणूस हसतंच." माय पेटीकडं बघत होती. "तुझ्याएवढी असताना मी गावच्या आडापाशी रिकामी घागर घेऊन उनात उभी ऱ्हायची. आपल्या लोकान्ला आडाला हात लावू देत न्हवते. कुणाच्या मनात आलं तर वरून वतायचे. पर पाण्याच्या बदल्यात काय दे म्हणून त्यांनीबी कधी मागितलं न्हाई. तू मागितलंस."

माझ्या बक्षिसाच्या भाषणाचा विषय होता, पाणी सर्वांचे. मायचाच आड मी त्यात सांगितला होता, हात उंचावून. टाळ्या पडल्या होत्या.

सगळी पुस्तकं घमेल्यात भरली. डोक्यावर घमेलं, कमरेवर घागर. काकूंच्या दारात पोचेपर्यंत मान ताठ होती ती फक्त ओझ्यामुळं.

"अगं, हे काय?"

"परत आणलीत, काकू. पाणी तसंच घ्या. रोज आणीन."

काकू खाली बसल्या. वरचंच पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं आणि डोळ्यांजवळ नेलं. तेव्हा मला आठवलं. तिथं फिकट शाईत बारीक अक्षर होतं: चि. सौ. इंदूस, मॅट्रिक झाल्याबद्दल. माधव. त्याच्यावरून माझी रेघ, पट्टीनं मारलेली, सरळ. खाली माझं नाव, भलं मोठं.



"अक्षर सुरेख आहे गं तुझं," काकू म्हणाल्या. पुस्तक मिटून त्या उठल्या, कपाटापाशी गेल्या आणि हात मागे केला, पुढचं दे म्हणून.

मी एकेक पुस्तक देत राहिले. देताना प्रत्येकाचा पुठ्ठा अंगठ्यानं घट्ट दाबून धरत होते, पहिलं पान उघडू नये म्हणून.