विचारायची भीती

पुरुषांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर ड्युट्यांचा तक्ता पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि तो काही केल्या जमत नव्हता. वर्षभरात चार नव्या नर्स आल्या आणि चारही गेल्या. एक तर जेवायला म्हणून बाहेर पडली ती परत आलीच नाही. "हल्लीच्या मुलींना अंगाला जराही झळ लागायला नको," असं मोठ्या सिस्टर म्हणत, आणि डॉक्टरांपासून मावश्यांपर्यंत सगळे माना डोलावत.

मोठ्या सिस्टर कामाला वाघ होत्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पेशंटकडे दुर्लक्ष केल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. पण जीभ तिखट. नव्या मुलीनं काही विचारलं, की त्या आधी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "एवढंही शिकवलं नाही का कॉलेजात?" ज्या मुलीनं हे एकदा ऐकलं, ती दुसऱ्यांदा विचारायला येत नसे.

पाचवी मुलगी येऊन महिना झाला होता. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, पण पेशंटची उशी न सांगता सरळ करणारी. एका सकाळी वॉर्डात ती एकटीच होती. खिडकीजवळच्या खाटेवर ड्रायव्हरकाका होते. आयुष्य बस चालवण्यात गेलेलं, आता हृदय थकलेलं. त्यांचं सलाईन अगदी सावकाश जायला हवं होतं, म्हणून वेग ठरवणारं नवं यंत्र लावलं होतं. ते यंत्र तिनं कधी हाताळलं नव्हतं. पलीकडे मोठ्या सिस्टर कुणाला तरी झापत होत्या. ती दारापर्यंत गेली, तो आवाज ऐकला आणि मागे फिरली. अंदाजानं तिनं आकडा लावला.

दुपारपर्यंत जायचं पाणी तासाभरात गेलं. काकांना धाप लागली, ओठ निळे पडू लागले. मुलीनं ताबडतोब सलाईन बंद केलं, त्यांना उठवून बसवलं आणि डॉक्टरांकडे धावत जाऊन म्हणाली, "यंत्र मी चुकीचं लावलं. लवकर चला." इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. दोन तासांनी काकांचा श्वास ताळ्यावर आला.

मग मोठ्या सिस्टरांनी तिला वॉर्डाच्या मधोमध उभं केलं. पेशंट, नातेवाईक, मावश्या, सगळे बघत होते. "माणूस मारला असतास. घरी बस तू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर काकांचं ब्लडप्रेशर बघायला आल्या.

"कालची पोरगी कुठं आहे, सिस्टर?" काकांनी विचारलं.

"आत. राजीनामा लिहितेय. तेच बरं. तुमच्या जिवावर बेतलं होतं."

"बेतलं होतं, खरंय. छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. माझी मुलगी तर तक्रार करायला निघालीय. मी म्हटलं, कर, पण अर्धी करू नकोस. चूक तिनं आपल्या तोंडानं सांगितली, म्हणून डॉक्टरांना नेमकं काय करायचं ते कळलं. हेही लिही. एक सांगा, ते यंत्र तिला कुणी शिकवलं होतं?"

"शिकवायचं काय त्यात? सोबत पुस्तिका आहे."

"मग तिनं तुम्हाला का नाही विचारलं?"

मोठ्या सिस्टर पट्टा गुंडाळत राहिल्या.

"रागावू नका," काका म्हणाले. "शेवटची बारा वर्षं मी नव्या ड्रायव्हरांना तयार केलं. लायसन्स सगळ्यांकडे असायचं, तरी दोन महिने मी शेजारी बसायचो. एकदा एकाला गिअर चुकला म्हणून भर डेपोत झापलं. त्यानंतर तो काही विचारेना. मला वाटलं, शिकला. पंधरा दिवसांनी त्याला ब्रेक हलका लागल्यासारखा वाटला. बोलला नाही. म्हातारा पुन्हा चारचौघांत लाज काढेल, ही भीती. गाडी घाटात कठड्यावर आदळली. प्रवासी वाचले, त्याचा हात गेला. चौकशीत ठपका त्याच्यावर आला. माझं नाव कुठंच नव्हतं, सिस्टर. पण तो ब्रेकबद्दल बोलायच्या आधी मीच त्याचं तोंड बंद केलं होतं."

मोठ्या सिस्टर आपल्या खोलीत आल्या. टेबलावर घटनेच्या अहवालाचा फॉर्म होता. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात मुलीचं नाव लिहायला त्यांनी पेन उघडलं आणि तसंच धरून बसल्या. बोलणी खातच आपण घडलो, असं त्या अभिमानानं सांगत. आपल्याबरोबरच्या किती जणी त्यात मोडून घरी गेल्या, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. आणि त्या चौघी? त्या खरंच नाजूक होत्या, की आपणच त्यांना घालवलं?

त्यांनी रकान्यात मुलीचं नाव लिहिलं आणि त्याच्या वर स्वतःचं. पुढे लिहिलं, 'न शिकवता काम सोपवले. विचारण्याची सोय ठेवली नाही.'

तो फॉर्म घेऊन त्या अधीक्षकांकडे गेल्या. पहिले दोन महिने नवी नर्स एकटी राहणार नाही, जोडीला अनुभवी सिस्टर हवी, ही त्यांची मागणी.

"आधीच माणसं नाहीत. जोडीला कुठून आणू?" अधीक्षक वैतागले.

"वर्षात चार आणली होती, साहेब. मी एकही राखलं नाही. आता दोन महिने जोडीला मीच उभी राहते. माझी कागदपत्रं दुसऱ्या कुणाला तरी द्या."

अधीक्षकांनी फॉर्म दोनदा वाचला आणि एका वॉर्डापुरती परवानगी दिली.

मुलीला जिथं बोल लावले होते, तिथंच, त्याच लोकांसमोर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काल मी तुला बोलले ते चुकलं. यंत्र शिकवणं माझं काम होतं. चूक लपवली नाहीस, याबद्दल तुझे आभार मानायला हवे होते." मग हळूच म्हणाल्या, "राजीनामा द्यायचा असेल तर दे. पण आधी दोन महिने माझ्याबरोबर काम करून बघ."

मुलगी लगेच हो म्हणाली नाही. दोन दिवस सुट्टी घेतली, तिसऱ्या दिवशी कामावर आली. पहिला आठवडा मोठ्या सिस्टरांनाच जड गेला. ते जुनं वाक्य ओठांवर यायचं, आणि त्या ते आवंढ्याबरोबर गिळायच्या. जुन्या सिस्टर कुरकुरल्या, "आम्हाला कुणी असं लाडानं शिकवलं होतं?" तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "नाही ना? मग निदान या नव्या मुलींना तरी शिकवू."

काका घरी गेले त्या दिवशी मुलीनं त्यांचं सलाईन काढलं आणि मोठ्या सिस्टरांना विचारलं, "पट्टी किती वेळ ठेवायची?" अगदी साधा प्रश्न. मोठ्या सिस्टर तिच्याजवळ गेल्या आणि नीट समजावून सांगितलं.

आपण सगळे चांगल्या दवाखान्याची मागणी करतो. खाटा मोजतो, यंत्रं मोजतो, आणि नर्सला यायला उशीर झाला की आवाज चढवतो. पण आजाऱ्याची सेवा करणारं माणूस कुठून तयार होऊन येत नाही. त्याला हाताशी धरून शिकवावं लागतं, थकलं तर सावरावं लागतं, आणि "मला हे येत नाही" असं बोलण्याची मोकळीक द्यावी लागते. ती मोकळीक जिथं नसते, तिथं गप्प बसलेल्या नर्सच्या भीतीची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो. आणि त्या खाटेवर उद्या आपल्यापैकी कुणीही असेल.