पावाच्या साच्याचा तळ

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे, पाव भाजायचा. सध्या माझ्यात गंजके खिळे आणि दोन तुटक्या बिजागऱ्या पडलेल्या असतात. त्याचे मला काही वाटत नाही. हल्ली मला कशाचेच फारसे वाटत नाही. असे का झाले, तेवढे सांगतो.

एका पत्रेवाल्याने मला जाड पत्र्यातून घडवले. बेकरीचा मालक त्याच्यासमोर ठाण मांडून बसला होता. "चांगला खोल कर रे बाबा. एका पावात चार माणसं जेवली पाहिजेत," असे तो सारखा सांगत होता. त्या बेकरीत पीठ तोलून भरायची पद्धत नव्हती. मालकीण साच्याच्या काठाखाली दोन बोटे जागा सोडून मळलेले पीठ भरायची. तिचा हात कधी चुकला नाही.

समोरच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई रोज एकच पाव न्यायची. घरात ती आणि तिच्या तीन मुली. "तुमच्या पावावर आमचं भागतं हो दादा," असे ती म्हणाली की मालकाची स्वारी दिवसभर खूश असे. तेव्हा मीही स्वतःला फार मोठा समजायचो.

मग निवडणूक आली. पुढाऱ्याने चौकात सभा घेतली आणि पावाचा भाव वाढू देणार नाही, असा शब्द दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकानेही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्याचा पक्ष निवडून आला. पाठोपाठ मैदा महागला, भट्टीचे सरपण महागले. भाव वाढवावा तर सरकार दुकानाला टाळे लावणार, न वाढवावा तर भट्टी विझणार. मालकाने पत्रेवाल्याला बोलावले. त्याने आम्हा सगळ्या साच्यांना पालथे घालून तळावर हातोडी चालवली. तळ बोटभर आत गेला आणि पाव तेवढा बसका झाला. भाव मात्र तोच राहिला, म्हणजे पुढाऱ्याचा शब्दही खरा झाला.

"कुणाला कळतंय!" पत्रेवाला म्हणाला.

मला फार दुखले. त्याच गडबडीत मी मैद्याच्या पोत्यांमागे पडलो आणि तिथेच राहिलो. निवडणूक काय, कधी लहान, कधी मोठी, येतच असते, आणि दर वेळी तोच शब्द दिला जातो. माझ्या भावंडांवर आणखी दोनदा हातोडी पडली. मी अंधारात ठकठक ऐकत होतो.

एक दिवस झाडताना मालकिणीला मी सापडलो. तिने मला घासूनपुसून रांगेत ठेवले आणि नेहमीसारखे दोन बोटे जागा सोडून पीठ भरले. तळाकडे तिचे लक्षच गेले नाही. माझा पाव उंच, टपोरा झाला आणि नेमका त्या शिवणकामवाल्या बाईच्या वाट्याला आला. तिने तो शेजारणीच्या पावाजवळ धरला. दोन्ही पाव पाहून गिऱ्हाइकांत एकच गलका उठला.

"लबाडा! आमच्या पोटावर मारलंस!" कोणीतरी काचेचे कपाट फोडले.

ती बाई ओरडली नाही. ती मालकाला म्हणाली, "दादा, माझी धाकटी म्हणायची, आई, पाव लहान झालाय. मी तिला हावरट म्हणून मारलं हो."

संध्याकाळी पुढाऱ्याने चौकात येऊन असल्या चोरांना सोडणार नाही, असे सांगितले. पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मालक बंद दाराआड बसून तो ऐकत होता. नंतर त्याने मला पालथे घातले आणि तो स्वतःच्या हाताने हातोडी मारत राहिला. आता काय उपयोग होता? मला काहीच दुखले नाही. दुकानाला टाळे लागले. माझ्यात खिळे आले.

मित्रांनो, पाटीवरचा भाव सगळेच वाचतात. तुम्ही मोठे झालात आणि कोणी भाव वाढणार नाही असा शब्द दिला, तर टाळी वाजवण्याआधी साचा हातात घ्या, त्यात बोट घालून तळ कुठे लागतो ते बघा. आणि घरातले लहान मूल म्हणाले की घास कमी झालाय, तर त्याला मारू नका. ते खरे बोलत असेल.