पितळेचं कडं

अकरा वर्षांनी धाकटा भाऊ घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढला, आणि आत आल्यावर बसायचं असतं हेच विसरल्यासारखा उभा राहिला.

"बस की. स्टूल तेच आहे, चावत नाही," डावरा म्हणाला. डाव्या हाताने काम करतो म्हणून बापानेच हे नाव ठेवलं होतं. आता गिऱ्हाइकंही त्याच नावाने हाक मारत.

धाकटा बसला आणि त्याने रुमालाची घडी उलगडली. आत आजोबांचं साखळीचं सोन्याचं घड्याळ होतं. टिकटिक चालू होती.

तीस वर्षं डावरा बापाशेजारी मान मोडून बसला. बापाचं पथ्यपाणी, औषधं, उठवणं-बसवणं सगळं त्याच्याकडे. आणि शेवटी बापाने घड्याळ दिलं ते कचेरीत फायली चाळणाऱ्या धाकट्याला, ज्याला चावी किती फिरवायची तेही कळत नव्हतं. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

"घड्याळजींच्या मंडळाचं प्रदर्शन आहे," धाकटा म्हणाला. "जुन्या घराण्यांची घड्याळं मांडणार आहेत. आजोबांचं अगदी मधोमध, खाली बाबांचं नाव. फक्त एक चिठ्ठी हवी, की मशीन आणि बाहेरची केस मूळची एकमेकांचीच आहेत. तेवढी लिहून दे, दादा."

"न बघता?"

"बघायचं काय त्यात? आपल्या घरातलंच तर आहे."

"घरातलं म्हणूनच बघायचं. परक्याचं असतं तर एकवेळ डोळे मिटले असते."

धाकटा हसला. डावऱ्यालाही हसू आलं. रक्त ते रक्त. किती आटवलं तरी तळाशी ओल राहतेच. चहा मागवावा, भावजयीची, पोरांची चौकशी करावी, असं त्याला मनापासून वाटलं. आधी काम, मग चहा, असं म्हणत त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि मागचं झाकण उघडलं.

केसवर आणि मशीनवर कोरलेल्या नंबरांवर तो विसंबला नाही. केस एकाने करायची आणि मशीन दुसऱ्याने, ही त्या काळची रीतच होती. त्याने बघितले ते स्क्रूंचे वळ. मशीन केसमध्ये दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं आवळून राहिलं की स्क्रूची डोकी काठावर खूण उमटवतात. माणूस शपथेवर खोटं बोलेल, वळ खोटं बोलत नाहीत.

इथे वळांच्या दोन जोड्या होत्या. एक खोल, जुनी, आणि तिच्यावर स्क्रूच नव्हते. दुसरी उथळ, स्क्रू बसले होते ते तिच्यावर. म्हणजे कुडी एकाची आणि प्राण दुसऱ्याचा. त्याने मशीन अलगद उचललं. भोवती पितळेचं एक बारीक कडं होतं. लहान मशीन मोठ्या केसमध्ये हलू नये म्हणून घालतात तसं.

कड्यावर कानशीचे ओरखडे होते. तिरपे, पण उलट्या बाजूला कललेले. उजव्या हाताची कानस असे ओरखडे पाडत नाही.

भिंग डोळ्यावरच राहिलं. तो सतरा वर्षांचा होता तेव्हा बापाने एक मशीन आणि मापाचा कागद पुढे टाकला होता. "डावऱ्या, याला कडं कर. गिऱ्हाइकाचं आहे, फार विचारू नकोस." केस दाखवलीच नव्हती. आणि त्याच दिवसांत बापाचा उजवा हात थरथरायला लागला होता. आजोबांचं मशीन त्या थरथरत्या हातून निसटून मोडलं असणार. लपवायचं तर दुसरं बसवायला हवं. आणि कडं घासण्याइतका हात आता स्थिर नव्हता. मग मुलाचा वापरला.

घड्याळ धाकट्याला का मिळालं, तेही त्याला त्याच क्षणी उमगलं. लाडका म्हणून नाही. ज्याला उघडता येत नाही त्याच्याच हाती बापाने ते दिलं होतं.

"काय रे, एवढं काय बघतोस?"

"हे मशीन आजोबांचं नाही. केस तेवढी त्यांची."

धाकट्याचं तोंड उतरलं, मग लाल झालं. "कशावरून?"

"हे कडं बघ. मी केलंय. सतराव्या वर्षी."

बोलून गेला, आणि तिथेच चुकलं. कारागिराची खोड ही. आधी आपलं काम ओळखायचं, मग बाकीचं.

"तू केलंस?" धाकटा उठला. "मग आजोबांचं मशीन कुठाय? कुठं घातलंस?"

"अरे, बाबांनी सांगितलं म्हणून कडं केलं. केस मला दिसलीसुद्धा नाही. त्यांचा हात तेव्हा..."

"वा! ज्यांना येऊन बोलता येत नाही त्यांच्यावर ढकल. अकरा वर्षं पोटात ठेवलंस आणि आज ओकलास."

"बाळ्या, खाली बस. चहा मागवतो."

"बाळ्या म्हणू नकोस मला! बाबांनी तुला का दिलं नाही ते आज कळलं. ओळखून होते ते तुला."

खरं तर डावऱ्याला नुकतं उमगलं होतं तेच धाकटा म्हणत होता, फक्त उलट्या बाजूने: डावरा ओळखेल म्हणूनच बापाने ते त्याला दिलं नव्हतं. पण बापाचा हात तेव्हाच थरथरायला लागला होता, हे डावऱ्याशिवाय पाहिलेलं माणूस उरलं होतं कोण?

धाकट्याने रुमाल खिशात कोंबला. "ठेव ते घड्याळ. ह्याच्यासाठीच केलंस ना सगळं? घे, मिळालं. मंडळाला काय सांगायचं ते मी सांगतो." आणि आला तसा पायरी उतरून गेला.

डावऱ्याने मशीन परत केसमध्ये ठेवलं, दोन्ही स्क्रू आवळले, झाकण लावलं. ज्या घड्याळासाठी अकरा वर्षं जीव जाळला, ते आता समोर होतं. सवयीने त्याने ते कानाशी धरलं. चाल एकसारखी होती, कुठे खरखर नाही, कडं केसभरही हललेलं नाही. सतरा वर्षांच्या पोराचा हात, आणि चाळीस वर्षं टिकला होता.

त्या कामाला बापाने कधी चांगलं म्हटलं नव्हतं. म्हणता येणारच नव्हतं.