मुखवट्यावरची काजळी

"आज पण वेळ वाढला, प्राप्ते!" फोनवर मोजलेली वेळ बघत अल्पेश धावून आलेल्या बहिणीला ओटीवरून म्हणाला. "माझा भरलेला ट्रेलर चढावाला एवढा धापत न्हाय, जेवढी तू धापतेस."

"तुझा ट्रेलर डिझेल पितो, दादा. मला आये नुसतं हळदीचं दूध पाजते," प्राप्ती हसून म्हणाली, पण हसता हसताच तिला ढास लागली आणि ती पाठ वळवून अंगणात गेली.

त्यांच्या आईने, कमळने, स्वयंपाकघरातून तो खोकला ऐकला. "सर्दी हाय. धावली की छाती मोकळी होईल," ती म्हणाली. "उद्यापासून अजून लवकर उठवते. पहाटेची हवा म्हणजे अमृत!"

आपल्या किती घरांत हे वाक्य रोज बोलले जाते! आणि त्या अमृतात आता काय काय मिसळले आहे, हे किती घरांत विचारले जाते?

धाकटे खार हे उत्तर रायगडातले खाडीकाठचे गाव. पूर्वी इथली माणसे मिठागरात राबत. मग गावाच्या पूर्वेने बंदराकडे जाणारा मोठा रस्ता आला, मिठागरे सुटली, आणि अल्पेशसारखी मुले ट्रेलरच्या धंद्यात शिरली. रस्ता आणि खाडी यांच्या मधोमध गावदेवीचे देऊळ आहे.

प्राप्तीला पोलीस व्हायचे होते. मागच्या भरतीत धावण्याच्या चाचणीत ती थोडक्यात मागे राहिली होती, आणि वयाच्या अटीमुळे येणारी भरती ही तिची शेवटचीच संधी होती. ती रडत घरी आली त्या दिवशी कमळने देवीपुढे पदर पसरून नेम धरला. पोर भरती होईपर्यंत रोज उजाडायच्या आत मी तुझा मुखवटा पुसून दिवा लावीन, आणि पोर तुझी घंटा वाजवून मोठ्या रस्त्याच्या नाक्यापर्यंत धावत जाईल, परत येऊन पुन्हा घंटा वाजवील. कमळचा नेम म्हणजे नेम! ताप असो, पाहुणे असोत, पहाटे तिच्या हातचा दिवा चुकला नाही.

पण नाक्यावर रात्रभर ट्रेलर रांगेत उभे असत. पहाटे त्यांची इंजिने सुरू होत आणि ड्रायव्हरची अंघोळ, केबिनमधली अगरबत्ती, चहा, सगळे आटपेपर्यंत तशीच धडधडत राहत. गुणाजीच्या चहाच्या टपरीपाशी कोणी जुना टायर पेटवून शेकत बसे. अल्पेशचा ट्रेलर तर देवळाच्या भिंतीलाच लागलेला. बहीण धावायला निघाली की तोही चावी फिरवी. त्या धुरातून प्राप्ती तोंड उघडून धावत असे. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. सगळ्यांना तिचे भलेच हवे होते.

शेजारच्या अतियाबाईंनी एके दिवशी कमळला हाक मारली. कुवेतच्या हॉस्पिटलात परिचारिका म्हणून जन्म घालवून त्या गावी परतल्या होत्या.

"ये गो कमळ, बस. चाय ठेवलीय," त्या म्हणाल्या. "पहाटे फजरची नमाज झाली की मी खिडकीत तसबीहचे मणी ओढत बसते. आधी तुझ्या पोरीची पावलं ऐकू यायची. आता पावलांच्या आधी खोकला येतो."

"थंडीचा खोकला, अतियाबाय."

"थंडीचा खोकला घरात बसूनपण येतो. हिला धावून आल्यावरच येतो. दुपारी बरी असते की न्हाय?"

कमळने हळूच मान हलवली.

"ऐक. बसलेलं माणूस नाकानं थोडी हवा घेतं. धावणारं माणूस तोंडानं ओढतं, कितीतरी पट जास्त आणि कितीतरी खोल. नाकाची चाळणी राहिली बाजूला! धूर, धूळ, सगळं छातीच्या तळाला. श्वासनळी सुजते, दमा जागा होतो, आणि वरचेवर झालं तर काळजावरपण भार येतो."

"मग काय धावणं वाईट?"

"तौबा! धावणं चांगलंच. धुरात धावणं वाईट. जेवण चांगलं म्हणून उकिरड्यावर पान मांडतेस काय?"

"पण पहाटेची हवा..."

"ती आपल्या आज्यांची पहाट गो. तेव्हा हा रस्ता नव्हता. थंडीत धूर वर चढत न्हाय, गारठ्यानं खालीच बसतो. आणि पहाटेचा वारा रस्त्याकडून गावावर येतो. तू मिठागरातली, तुला वारा मी शिकवू?"

कमळने कप खाली ठेवला. "देवीला शब्द दिलाय मी. तुम्ही तुमचा रोजा मधीच सोडता काय?"

अतियाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कमळच्या हातावर हात ठेवला. "आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, कमळ. वरच्यानं आधी जीव बघितलाय, मग नेम."

कमळ उठली. चहा अर्धाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे घंटा वाजली, आणि प्राप्तीची पावले नाक्याकडे गेली. कमळने ओल्या पांढऱ्या कापडाने देवीचा चांदीचा मुखवटा पुसला आणि कापड पिळले. काळे पाणी तांब्यात पडले. रोजच पडे. धूळ आहे, म्हणून ती रोज देवळामागे ओतून येई.

आज मात्र तिचा हात थांबला. काल सकाळीच तर पुसला होता! रात्रभर गाभाऱ्याचे दार लावलेले होते. तिने कापड नाकाशी नेले. वास तुपाचा नाही, धुपाचा नाही. हा तर अल्पेशच्या शर्टाला येतो तोच वास!

आई गं! देवी दाराआड बसलेली. ती धावत नाही, धापत नाही. तरी एका दिवसात तिच्या मुखावर एवढी काजळी! मग माझी पोर तर रोज तोंड उघडून त्या धुरात...

आणि घंटा? परतीची घंटा अजून कशी वाजली नाही?

कमळ अनवाणी बाहेर धावली. देवळाच्या पायरीवर प्राप्ती छाती धरून वाकून बसली होती. शेजारी ट्रेलर धडधडत होता, आणि त्या आवाजात अल्पेशला काहीच कळले नव्हते.

"बंद कर! अल्पेश, बंद कर ते इंजिन!"

कमळचा असा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. इंजिन थांबले. त्या शांततेत प्राप्तीच्या श्वासातली शिट्टी तिघांनाही ऐकू आली. अल्पेशचा चेहरा उतरला.

"आधी का न्हाय बोललीस गो?" तिला पोटाशी धरून कमळने विचारले.

"तुझा नेम... मोडला असता, आये. माझ्यामुळं."

आईसाठी लेक गप्प राहिली होती आणि लेकीसाठी आई देवीला धरून बसली होती. दोघींच्या मायेमधून धूर मात्र खुशाल आत शिरत होता.

अतियाबाई त्यांना पेणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. श्वासनळ्यांना सूज होती. डॉक्टरांनी श्वासातून ओढायचे औषध दिले, काही दिवस विश्रांती सांगितली आणि म्हणाले, "धावणं सोडू नको, पोरी. धूर सोड."

"पण आये, भरती जवळ आली. आणि नेम?" घरी आल्यावर प्राप्तीने विचारले.

कमळ देवीपुढे बराच वेळ बसून आली होती. "देवीला पोरीचं भलं मागितलं होतं, पोर न्हाय दिली," ती हळूच म्हणाली. "मिठागरात होते तेव्हा दुपार टळली की खाडीवरून खारा वारा यायचा. मीठ सोडून आम्ही बाया तोंड वर करून उभ्या ऱ्हायचो. एवढं गोड वाटायचं! मिठागराचा बांध अजून हाय. तू तिथं धाव, वारा समुद्राकडून सुटला की. दिवा मी पहाटेच लावीन. तो नेम माझा हाय. तुझा नेम आता वारा बघून."

तेव्हापासून प्राप्ती बांधावर धावू लागली, आधी चालत, मग हळूहळू. ज्या दिवशी हवा धुरकट दिसे त्या दिवशी ती घरातच व्यायाम करी. अल्पेश इंजिन बंद ठेवून ट्रेलरची पूजा करू लागला. "अगरबत्ती काय चावी फिरवल्याशिवाय पेटत न्हाय?" तो इतर ड्रायव्हरांना विचारी. काही हसले, काहींनी ऐकले. गुणाजीने टायर पेटवणे बंद केले. "चहा प्या, तोपण गरमच असतो," तो म्हणू लागला.

भरतीच्या मैदानावरून भाऊ-बहीण परतली, तेव्हा संध्याकाळ कलत होती. देवळाच्या पायरीवर कमळ आणि अतियाबाई बसल्या होत्या. वळणावर गाडी थांबताच प्राप्ती उतरून धावत सुटली. घंटा वाजली, खणखणीत!

मागून येऊन अल्पेश काही सांगणार, तोच कमळने हात वर केला. "थांब. आधी मला तिचा श्वास ऐकू दे."

तिने लेकीच्या छातीला कान लावला. श्वास भरभर चालला होता, पण आतली शिट्टी गेली होती. कमळने डोळे मिटले. "आता सांग."

"वेळेत आली, आये! मागच्यापेक्षा कितीतरी आधी! धावणं पास!"

अतियाबाईंनी डोळ्यांना ओढणी लावली. "आता मी त्या दिवशीचा अर्धा राहिलेला चहा पाजते या कमळला," त्या म्हणाल्या, आणि कमळला एकदम रडू आणि हसू आले.

आजही पहाटे मुखवटा पुसल्यावर कापड अगदी पांढरे निघत नाही. थोडे कमी काळे निघते, एवढेच. रस्ता आहे, गाड्या आहेत, काम पुष्कळ बाकी आहे. पण बंधूंनो, भगिनींनो, आपण आपल्या मुलांना व्यायामाला उठवतो तेव्हा घड्याळाबरोबर हवेकडेही बघू या. रहदारीच्या कडेने, धुरातून धावू नये, धावू देऊ नये. मोकळी जागा आणि स्वच्छ वेळ निवडावी, आणि छाती तक्रार करू लागली तर थांबून तिचे ऐकावे. उभ्या गाडीचे इंजिन बंद करणे हीदेखील पूजाच आहे. कारण देवाने दिलेला श्वास स्वच्छ राखणे, आपला आणि शेजाऱ्याचाही, याहून मोठा नेम कोणता?